पिवळ्या दिव्याच्या मागावर

माझ्या अठरा वर्षांच्या पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा पहिल्यांदा लागला, तेव्हा गाडीत दुसरे काहीही बिघडल्याचे जाणवत नव्हते. इंजिन एका दमात सुरू होत होते, पिक-अप होता तसाच होता आणि चालवताना कुठे हिसका बसत नव्हता. खडखडणारा किंवा तेल गळणारा बिघाड निदान आपली जागा तरी दाखवतो; हा दिवा मात्र काहीतरी झाले आहे एवढेच सांगून गप्प बसला होता. तो लुकलुकत नव्हता, स्थिर जळत होता, एवढाच दिलासा. हाच दिवा उघडझाप करू लागला, तर एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकते आहे, न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन तिथे पेटते आहे आणि गाडी ताबडतोब थांबवलेली बरी, असा त्याचा अर्थ होतो. स्थिर दिवा सवड देतो. मी ती सवड पाच महिने वापरली, आणि त्यांतले पहिले चार महिने चुकीच्या जागी शोधण्यात घालवले.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. अमेरिकेत १९९६ सालापासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ सालापासून हे सॉकेट आणि त्यातून वाचता येणारे बिघाडांचे सामाईक कोड सक्तीचे झाले. त्याआधी प्रत्येक कंपनीची परिभाषा वेगळी असे. कुठे दिव्याची उघडझाप मोजून, तर कुठे दोन पिना तारेने जोडून इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला बोलते करावे लागे. मी सॉकेटात छोटा रीडर खोचला, आणि पडद्यावर ‘पी ०१३१’ उमटले. त्यातला ‘पी’ इंजिन आणि गिअरबॉक्सच्या गटाचा, त्यानंतरचे शून्य हा कोड सर्व कंपन्यांसाठी एकच असल्याचे सांगणारे, आणि त्यापुढचा एक हा आकडा इंधन व हवेच्या मोजमापाचा. वर्णन असे होते: ऑक्सिजन सेन्सर सर्किट, व्होल्टेज कमी, बँक एक, सेन्सर एक. चार सिलिंडर एका रांगेत असलेल्या माझ्या इंजिनात बँक, म्हणजे सिलिंडरांची रांग, एकच होती, आणि सेन्सर एक म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, इंजिनाकडचा. त्या संपूर्ण वर्णनात ‘सेन्सर’ हा शब्द होता, आणि मी बाकीचे शब्द वाचलेच नाहीत.

हा सेन्सर दिसायला स्पार्क प्लगच्या भावासारखा असतो. पोलादी कवचाच्या टोकाशी झिर्कोनियम डायऑक्साइड किंवा झिर्कोनिया या चिनी मातीसारख्या पदार्थाचे, शिवणकामातल्या अंगुस्तानाएवढे टोपण असते आणि त्याच्या आतून-बाहेरून प्लॅटिनमचा अतिशय पातळ, सच्छिद्र थर असतो. टोपणाच्या बाहेर इंजिनातून निघालेला जळका वायू आणि आत साधी बाहेरची हवा. झिर्कोनिया साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर तापला, की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात. आतल्या हवेत ऑक्सिजन भरपूर आणि बाहेरच्या वायूत तो जवळजवळ संपलेला असेल, तर दोन्ही थरांमध्ये ०.९ व्होल्टच्या आसपास विजेचा दाब निर्माण होतो. बाहेरही ऑक्सिजन उरलेला असेल, तर तो ०.१ व्होल्टपर्यंत खाली येतो. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण साधले, की त्या नेमक्या जागी हा दाब कड्यावरून पडावा तसा वरून खाली किंवा खालून वर जातो. कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा निकाल एकदम लावू शकतो तो याच प्रमाणाच्या अरुंद पट्ट्यात, म्हणून संगणक सेन्सरकडे बघत पेट्रोल क्षणोक्षणी थोडे वाढवतो, थोडे कमी करतो. चांगल्या सेन्सरचा आलेख त्यामुळे सतत वर-खाली होत राहतो. ज्या सेन्सरची रेषा सरळ झाली, तो आजारी आहे किंवा त्याच्यासमोरचा वायू तरी विचित्र आहे.

या दोन शक्यतांतली दुसरी माझ्या डोक्यात आली नाही. जुन्या गाडीचा जुना सेन्सर. १ लाख ६० हजार किलोमीटर झालेले. तो थकला असणार, हे इतके स्वाभाविक वाटले की तपासण्याची गरजच भासली नाही. इंजिन कोमट असताना, बाजूने खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट-पाना लावून, आदल्या रात्री गंजावर तेल सोडून ठेवूनही, तो सेन्सर पाऊण तास हलला नाही. सुटला तेव्हा त्याच्याबरोबर आट्यांचा काही अंश बाहेर येईल की काय, या भीतीने मी श्वास रोखून होतो. त्याचे टोक फिकट राखाडी-तपकिरी होते. दीर्घकाळ रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणात राबलेल्या सेन्सरवर काजळीचा काळा मखमली थर बसतो. सिलिकॉनच्या सीलंटची वाफ लागलेल्यावर पांढरी भुकटी दिसते. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, गळून सिलिंडरात जात असेल, तरी असाच पांढरट लेप चढतो. माझ्या हातातला सेन्सर यांपैकी काहीच दाखवत नव्हता, तो नुसता वापरलेला दिसत होता. हे मी पाहिले आणि तरी काही विचार न करता तो एका डब्यात टाकला. नव्या सेन्सरच्या आट्यांना गंजरोधक लेप कारखान्यातूनच लावलेला होता. टोकाला बोट न लावता तो बसवला, कोड पुसला, आणि त्या संध्याकाळी विनाकारण एक फेरी मारून आलो. डॅशबोर्डवर तो दिवा नव्हता. नवव्या दिवशी सकाळी तो परत लागला. कोड तोच.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण तेव्हा मीही तेच करून मनाचे समाधान केले होते. हा सेन्सर पहिल्यांदा रस्त्यावर आला तो १९७६ साली, व्होल्वोच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर. तो बॉशने तयार केलेला होता आणि त्याचे ‘लॅम्डा-सोंड’ (सोंड म्हणजे शोधक) हे नाव त्या गाड्यांच्या पुढच्या जाळीवर अभिमानाने मिरवले जाई. त्या काळच्या काही गाड्यांत ‘लॅम्डा-सोंड’ असे लिहिलेला दिवा दर ३० हजार मैलांनी, म्हणजे सुमारे ४८ हजार किलोमीटरनी, आपोआप लागत असे. सेन्सर चांगला असो वा वाईट, त्या दिव्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. तो केवळ अंतर मोजत असे, आणि सेन्सर बदलून मोजणीच्या डबीवरचे बटण दाबले की विझे. मला वाटते, आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात हा दिवा अजून त्याच जुन्या अर्थाने जळतो: लागला की सेन्सर बदला. दिवा तोच राहिला, पण त्याच्या मागची यंत्रणा पूर्णपणे बदलली. आताचा संगणक सेन्सरचे वय मोजत नाही. सेन्सरने दिलेले व्होल्टेज त्याला अपेक्षित असलेल्या चौकटीत बसत नाही, एवढीच त्याची तक्रार असते, आणि ती चौकट न बसण्याची कारणे सेन्सरच्या दोन्ही बाजूंना, तारांत आणि नळीत, पसरलेली असतात.

दुसऱ्या खेपेला रीडरवर एक सोबतीण होती: ‘पी ०१७१’, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. आता मी थोडा शहाणा झालो होतो. संगणक मूळ ठरलेल्या तक्त्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतो आहे, त्याला फ्यूएल ट्रिम म्हणतात. त्यातला एक आकडा क्षणाक्षणाचा आणि दुसरा हळूहळू शिकून लक्षात ठेवलेला. निरोगी इंजिनात हे आकडे शून्याच्या आसपास, पाच टक्क्यांच्या आत-बाहेर राहतात. माझ्या गाडीचा शिकलेला आकडा अधिक १७ होता. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू असताना, सर्वांत जास्त, आणि रेस देऊन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर नेले की उतरणारा. ही खूण पुस्तकी होती. थ्रॉटलच्या, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या, पुढे कुठेतरी, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा एखाद्या कडक होऊन चिरलेल्या रबरी नळीतून, न मोजलेली हवा आत ओढली जात असेल, तर आयडलिंगला तिचे प्रमाण मोठे पडते आणि रेस दिल्यावर एकूण हवेच्या मानाने ती नगण्य होते. पेट्रोलचा पंप थकला असेल, तर नेमके उलटे होते. जोर वाढेल तसा आकडा चढतो. म्हणून पंप निर्दोष ठरवून मी व्हॅक्यूमची गळती शोधू लागलो.

त्या शोधाचे वर्णन मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात सांगण्यासारखे काही निघाले नाही. ब्रेक बूस्टरची नळी, क्रँककेसच्या श्वासाची नळी, तिचा व्हॉल्व्ह, इंजेक्टरच्या खालची रबरी कडी, थ्रॉटलचे गॅस्केट, हवा मोजणाऱ्या सेन्सरची तार हे सगळे तपासले. काही बदलले, काही धुतले. धुराच्या यंत्रावरही गाडी लावून झाली. एका गॅरेजात तर तीन वेळा नेली. तिन्ही वेळा तिथल्या कारागिराने अर्धा-पाऊण तास इंजिन चालू ठेवून आलेख पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगितले की सेन्सर उत्तम वर-खाली होतो आहे, तपासण्यासारखे काही दिसत नाही. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, नवीन सेन्सरच मुळात सदोष निघाला असावा. मला ते पटले नाही, पण खोडून काढण्याइतके हातात काही नव्हते. आज विचार करताना वाटते, त्याची एकही गोष्ट चूक नव्हती. तो जे पाहत होता ते खरेच उत्तम होते. फक्त मी गाडी त्याच्यापर्यंत वीस मिनिटे चालवत नेत होतो.

या सगळ्या काळात एक विसंगती माझ्या डोळ्यांसमोर होती. स्पार्क प्लग काढून पाहिले, तेव्हा त्यांच्या टोकांवर काजळी होती. सायलेन्सरच्या तोंडातून बोट फिरवले, तर ते काळे झाले. लीन मिश्रणात चालणाऱ्या इंजिनाचे प्लग फिके, पांढुरके दिसायला हवेत. संगणक म्हणत होता, पेट्रोल कमी पडते आहे; प्लग म्हणत होते, पेट्रोल जास्त होते आहे. मी त्या दोघांपैकी संगणकावर विश्वास ठेवला, कारण तो आकड्यांत बोलत होता.

खरे तर दोघेही आपापल्या जागी खरे होते, आणि मधली कडी होती सेन्सरची भाषा. सेन्सरला पेट्रोल कळत नाही. त्याला केवळ ऑक्सिजन कळतो, तोही स्वतंत्रपणे नव्हे, तर आतल्या हवेच्या तुलनेत. ‘लीन’ हा शब्द त्याचा नव्हे. तो संगणकाचा अर्थ आहे. एखाद्या सिलिंडरात ठिणगीच पडली नाही, तर त्यातले सगळे पेट्रोल न जळता बाहेर येते, पण त्याबरोबरचा सगळा ऑक्सिजनही न वापरता बाहेर येतो; सेन्सर तो ऑक्सिजन पाहतो, संगणक त्याचा अर्थ ‘पेट्रोल कमी’ असा लावतो, आणि आधीच पेट्रोल वाया घालवणाऱ्या इंजिनात आणखी पेट्रोल ओततो. तसाच प्रकार एक्झॉस्टच्या, म्हणजे जळका वायू बाहेर नेणाऱ्या, नळीला भोक असल्यावर होतो. एक्झॉस्टमधला वायू संथ प्रवाहासारखा वाहत नाही, तो धक्क्या-धक्क्याने जातो. प्रत्येक धक्क्यामागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली उतरतो, आणि त्या क्षणी सेन्सरच्या आधी कुठे फट असेल, तर बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते. आयडलिंगला वायूचा प्रवाह कमी असल्याने त्या हवेचा वाटा मोठा, रेस दिल्यावर लहान. म्हणजे ट्रिमची जी खूण मी व्हॅक्यूमच्या गळतीची म्हणून ओळखली होती, तीच एक्झॉस्टच्या फटीचीही असते. त्या दोन्हींत फरक करणारा पुरावा प्लगांवर होता.

हे मला पुस्तक वाचून नव्हे, तर स्वतःच्या हलगर्जीमुळे समजले. व्हॅक्यूमच्या शोधात मी नव्या सेन्सरची वायर तिच्या क्लिपमधून सोडवली होती आणि परत अडकवायला विसरलो होतो. चौथ्या महिन्यात ती लोंबून एक्झॉस्टच्या नळीला टेकली, वरचे आवरण वितळले, आणि सेन्सरला तापवणाऱ्या हीटरच्या तारेने नळीला स्पर्श करताच फ्यूज उडाला. दिवा लागला आणि कोड आले ते दोन: ‘पी ०१३५’ आणि ‘पी ०१४१’, अनुक्रमे पुढच्या आणि कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरच्या हीटरचे. या वेळी मात्र मी काहीही विकत घेण्याआधी खाली बसून विचार केला. दोन हीटर एकाच सकाळी मरत नाहीत. दोघांना मिळून एकच फ्यूज आहे. ते शोधायला पाच मिनिटे लागली. पण कोड पुसण्याआधी, केवळ लागलेल्या सवयीने, मी ट्रिमचा आकडा पाहिला. तो अधिक तीन होता.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो. फ्यूज नेमका केव्हा उडाला हे ठाऊक नव्हते, पण तो उडाल्यापासूनच्या काळात गाडीचे जुने दुखणे आपोआप बरे होत आले होते. ‘पी ०१३१’ न दिसणे हा पुरावा म्हणता आला नसता, कारण हीटरवर भरवसा नसला, की संगणक त्या सेन्सरच्या इतर चाचण्या बाजूला ठेवू शकतो. ट्रिम मात्र शिकलेला असतो. तो खाली यायचा, तर मिश्रण खरोखर ठीक मोजले गेले पाहिजे. हीटर बंद पडल्याने मोजमाप सुधारावे, हे कसे? मी तार दुरुस्त केली. ती डाग देऊन नव्हे तर दाबून बसणाऱ्या नळीने जोडली, कारण टोपणाच्या आतली तुलनेची हवा पुष्कळ सेन्सरांत तांब्याच्या बारीक धाग्यांमधल्या पोकळीतूनच आत पोहोचते, आणि तिथे कथील किंवा ग्रीस भरले, की सेन्सर गुदमरतो. फ्यूज घातला. आठवड्याभरात ट्रिम अधिक १४ झाला आणि दिवा परत लागला.

या वेळी मी कोडसोबत साठवलेले क्षणचित्र उघडले. कोड पक्का होण्याच्या क्षणी इंजिनाची स्थिती काय होती, हे संगणक टिपून ठेवतो, आणि ते पहिल्या दिवसापासून रीडरच्या दुसऱ्याच पानावर होते. इंजिनाच्या फेऱ्या ८६०. गाडीचा वेग शून्य. कूलंटचे तापमान ४७ अंश. म्हणजे गार इंजिन नुकतेच सुरू झालेले आणि गाडी अजून दारातच उभी. पूर्ण तापलेल्या इंजिनाचे कूलंट ९० अंशांच्या आसपास असते. जे काही चुकत होते ते सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत चुकत होते, आणि गॅरेजात पोहोचेपर्यंत संपलेले असे.

हीटरचे कोडेही यातच सुटले. अगदी सुरुवातीच्या सेन्सरांना हीटर नव्हता. एकच तार असे, आणि एक्झॉस्टच्या उष्णतेने टोपण तापेपर्यंत कित्येक मिनिटे संगणकाला अंदाजाने पेट्रोल सोडावे लागे. हीटर आला तो हा आंधळा काळ कमी करण्यासाठी. झिर्कोनियाला जागे करण्यासाठी आधी तापवावे लागते, ही गोष्ट सेन्सरपेक्षा कितीतरी जुनी आहे. या सेन्सरचे व्होल्टेज ज्या समीकरणाने सांगता येते, ते १८८९ साली मांडणाऱ्या वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने पुढे १८९७ मध्ये विजेचा एक दिवा केला होता. त्यात तारेऐवजी झिर्कोनिया आणि यिट्रिया (यिट्रियम धातूचे ऑक्साइड) यांची काडी होती. ती थंड असताना वीज वाहूच देत नसे, म्हणून शेजारच्या तापणाऱ्या वेटोळ्याने तिला आधी ऊब द्यावी लागे आणि मग ती शुभ्र प्रकाशाने जळे. माझ्या गाडीत हीटर चालू असे, तेव्हा सेन्सर मिनिटाभरात जागा होऊन इंजिन गार असतानाचा वायू मोजू लागे आणि ती फसवी ताजी हवा त्याच्या वाट्याला येई. हीटर बंद असताना तो उशिरा उठे, आणि तो उठेपर्यंत ती हवा येणे थांबलेले असे. काहीतरी गार असताना उघडे होते आणि तापले की मिटत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट उघडून मी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा, म्हणजे सिलिंडरांतला जळका वायू गोळा करणाऱ्या लोखंडी नळ्यांवरचा, पत्र्याचा पडदा काढला. इंजिन सुरू केले आणि रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे मॅनिफोल्डजवळून फिरवले. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या नळ्या जिथे एकत्र येतात, तिथे घड्याळाच्या टिकटिकीसारखा बारीक, कोरडा आवाज होता. मी तो याआधीही गाडीत बसून ऐकला होता आणि जुन्या इंजिनाच्या टॅपेटचा आवाज म्हणून सोडून दिला होता. सहा-सात मिनिटांत तो पुसट होत गेला आणि मग ऐकूच येईना. खात्रीसाठी त्याच्या पुढच्या सकाळी इंजिन सुरू न करता, व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीचे फुंकणारे टोक कापडात गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडाला बसवले आणि थंड मॅनिफोल्डवर साबणाचे पाणी शिंपडले. ओतीव लोखंडावर, केसाएवढ्या काळ्या रेषेच्या लांबीभर, बुडबुडे रांगेने फुगत होते. ती रेषा काजळीची होती. पडद्याखाली ती किती काळ होती कोण जाणे.

ओतीव लोखंड तापून लाल होण्याच्या जवळ जाते आणि रोज गार होते. हजारो वेळा प्रसरण आणि आकुंचन झाल्यावर जिथे धातूची जाडी बदलते किंवा दोन वाटा मिळतात, तिथे ते चिरते. तापल्यावर चिरेच्या दोन्ही कडा फुगून एकमेकींना टेकतात आणि फट बंद होते. चिरलेला मॅनिफोल्ड वेल्डिंग करून घ्यावा असे मला सुचवण्यात आले, पण ओतीव लोखंडाचे वेल्डिंग आधी संपूर्ण भाग तापवून, निकेलच्या काडीने आणि अतिशय सावकाश गार होऊ देत करावे लागते. घाई झाली, तर जुन्या चिरेच्या शेजारी नवी पडते. मी दुसरा मॅनिफोल्ड बसवायचे ठरवले. जुन्याचे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) काढताना एक अर्ध्यावर तुटला, आणि त्या एका तुटक्या तुकड्याने बाकीच्या सगळ्या कामापेक्षा अधिक वेळ खाल्ला. त्याविषयी लिहिण्याची माझी इच्छा नाही.

नवा मॅनिफोल्ड आणि गॅस्केट बसवल्यावर रीडरने कोड पुसून टाकणे सोपे होते. मी ते मुद्दाम केले नाही. संगणकाला दोष सलग तीन फेऱ्यांत, म्हणजे इंजिन सुरू होऊन त्याची चाचणी पूर्ण होईल अशा तीन प्रवासांत, सापडला नाही, तर तो दिवा स्वतःहून मालवतो. त्याच्या स्मृतीतला कोड मात्र इंजिन सुमारे चाळीस वेळा गार होऊन तापेपर्यंत राहतो. मला त्याच्या तोंडून ऐकायचे होते. पहिल्या दिवशी सकाळी दिवा होता, दुसऱ्याही दिवशी होता. चौथ्या सकाळी किल्ली फिरवली, नेहमीप्रमाणे सगळे दिवे लागले, इंजिन सुरू झाल्यावर एकेक मालवले, आणि पिवळाही त्यांच्याबरोबर गेला. कूलंट ४७ अंशांवर असताना ट्रिम पाहिला. तो उणे एक होता. टिकटिक नव्हती.

त्या रात्री डब्यातून जुना सेन्सर काढला. कामाच्या बाकावरच्या वाइसमध्ये तो हलकेच धरला, सिग्नलची काळी तार आणि अर्थिंगची राखाडी तार मल्टिमीटरला जोडली आणि गॅसच्या टॉर्चची ज्योत टोकावर धरली. ज्योतीच्या आतल्या भागात ऑक्सिजन संपलेला असतो. मिनिटभर आकडा हलला नाही. टोक लालसर होऊ लागले तसा तो ०.२ वरून उठला, ०.६ झाला आणि ०.८८ वर स्थिरावला. मी ज्योत बाजूला केली. आकडा क्षणात ०.०७ वर आला. पुन्हा ज्योत धरली, पुन्हा तो वर गेला. दहा-बारा वेळा करून पाहिले, एकदाही तो अडखळला नाही. मग गार होऊ दिला, कापडात गुंडाळला आणि गाडीच्या डिकीत, जादा चाकाच्या खाचेत ठेवला.